गाबेरच्या खुंट्या

ईस्टरचा सोमवार उलटला आणि मंगळवारी सकाळी सिल्वा नि यांको, दोघं बहीणभाऊ, नांगर घेऊन रेबरच्या पायथ्याशी आले. दुपारच्या जेवणापर्यंत चार खुंट्या मोडल्या होत्या.

रेबर हे रोबारांच्या घरामागचं शेत. घराच्या छपराला जेवढा उतार, तेवढाच त्यालाही. खाली रुंद, वर जावं तसं निमुळतं होत गेलेलं, आणि अगदी टोकाला अक्रोडाच्या झाडाखाली फळ्यांची एक खोपी. ट्रॅक्टर इथे चढत नाही. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी, लोव्रोंनी, त्या खोपीत विजेच्या मोटारीवरचा रहाट बसवला. रहाट तारेचा दोर गुंडाळतो आणि नांगर खालून वर ओढतो. एकाने मुठी धरून नांगरामागे चढायचं, एकाने वर रहाटाच्या दांड्याशी उभं राहायचं. वर पोचलं की नांगर हातांनी खाली न्यायचा आणि पुढचं तास, म्हणजे नांगराची पुढची ओळ, धरायचं. दोर आणि नांगर जिथे जोडलेले, तिथल्या लोखंडी कडीत करंगळीएवढी लाकडाची खुंटी बसवलेली असते. नांगर दगडाला अडला की खुंटी मोडते, दोर सुटतो. नांगर, रहाट आणि मुठीवरचा माणूस तिघंही वाचतात.

इतकी वर्षं बाबा मुठीला असायचे आणि आई दांड्याला. फेब्रुवारीत बाबा गेले. आईचा खुबा दुखरा. म्हणून आता यांको मुठीला होता आणि ल्युब्लियानाच्या वाचनालयातून दहा दिवसांची रजा काढून आलेली सिल्वा दांड्याला.

"शिट्टी मार ना!" ती वरून ओरडली. "बाबा एक मारायचे, ओढ. दोन मारायचे, थांब. तू नुसता ओरडतोस, मला काही कळत नाही."

"मला शिट्टी येत नाही, माहितेय तुला."

"पस्तीस वर्षांचा झालास."

"आणि तू अडतिसाची. तुला येते?"

तिलाही येत नव्हती. तिने दांडा पुढे केला. मोटारीने सूर धरला, दोर ताठ झाला आणि खाली यांकोच्या पुढे माती काळी उलटत वर येऊ लागली. पाऊण शेत छान आलं. मग नांगर एकदम अडखळला, मुठी उडाल्या आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दोराचं टोक गवतात सळसळत वर गेलं.

"पाचवी!" यांको मुठींवर ओणवा होऊन धापा टाकत होता.

खुंट्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात होत्या, खोपीतल्या फळीवर. गाबेरच्या लाकडाच्या. गाबेर म्हणजे इथल्या रानातलं झाड; लाकूड पांढरं, जड आणि टणक. वाकत नाही, एका क्षणी तुटतं. बाबा थंडीत चुलीपाशी बसून त्या तासायचे. सगळ्या सारख्या, दोन्ही टोकं किंचित निमुळती, अंगावर सुरीच्या खुणा दिसू नयेत इतक्या घासलेल्या. हा डबा त्यांनी या जानेवारीत भरला होता. सकाळी सिल्वाने झाकण उघडलं तेव्हा सतरा होत्या.

प्रत्येक वेळी नवी खुंटी काढताना तिचा हात डब्यात जरा जास्त रेंगाळायचा.

"बोल्ट घालतो," यांको वर येऊन म्हणाला. घाम त्याच्या भुवयांवरून ठिबकत होता. "माझ्या पेटीत आहे, बरोब्बर त्याच जाडीचा. दिवसभर हेच करत बसायचंय का?"

"बाबांनी कधी लोखंड घालू दिलं नाही."

"बाबा नाहीत."

 तो मग डोंगराकडे बघत उभा राहिला. पलीकडच्या उतारावर, जिथे त्यांच्या लहानपणी शेजारच्या फ्लोर्यानकाकांचा राय धान्याचा पट्टा असायचा, तिथे आता नाताळच्या झाडांच्या रांगा होत्या. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, प्रत्येकाच्या शेंड्याला रंगीत फीत.

संध्याकाळी फ्लोर्यानकाका आलेच. अंगणातल्या बाकावर आईच्या शेजारी बसून त्यांनी सफरचंदाच्या आंबट दारूचा पेला हातात घेतला.

"किती झालं?"

"तीन तासं," आई म्हणाली.

"तासं म्हणजे घड्याळातली की शेतातली?" ते हसले. कुणी हसलं नाही तसा त्यांनी घसा साफ केला. "यांको, बघ बाबा. माझी रोपं आली आहेत. मुळांना ओलं फडकं बांधून कोठारात ठेवलीत. पुढच्या आठवड्यातल्या युरीच्या सणापर्यंत टिकतील, पुढे नाही. तोवर हो म्हणालात तर रेबरवर लावतो, नाही तर दुसरीकडे बघतो. बारा वर्षांचा करार. तुम्हाला काही करायला नको. झाडं आपली आपण वाढतात."

"ठरलंय आमचं," यांको म्हणाला. "युरीच्या आत नांगरून झालं तर शेत. नाही झालं तर झाडं. सिल्वाच्या हट्टापायी."

"नांगरून पेरणार काय?"

"कुट्टू," सिल्वा म्हणाली. "बाबा पेरायचे तोच, भाकरीचा दाणा."

फ्लोर्यानकाकांनी तिच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या शवपेटीला पुढून खांदा त्यांनीच दिला होता. "पोरी, पुस्तकांत कुट्टू फार सुंदर फुलतो," ते म्हणाले, आणि पेला रिकामा करून उठले.

रात्रीच्या जेवणाला मक्याच्या पिठाचे मुटके होते, वर वितळलेली चरबी.  बाबांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती.

बुधवारी सकाळी डब्यात बारा खुंट्या होत्या. न्याहारीनंतर सहा.

सहाव्या तासाला नांगर पुन्हा तिथेच अडला. सिल्वाने डबा उघडला, त्या सहांकडे पाहिलं आणि झाकण लावलं. मग ती खाली गेली, यांकोच्या हत्यारांच्या पेटीतून बोल्ट काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"काल काय म्हणत होतीस?"

"सहाच उरल्यात."

"खुंट्याच आहेत त्या. लाकडाच्या."

"मला ठेवायच्यात."

यांकोने तिच्याकडे बघत बोल्ट हातात घेतला. मग त्याने वाकून कडीत बोल्ट बसवला, नट आवळला.

ते तास सगळ्यांत सरळ आलं. सिल्वा दांड्याला धरून खाली बघत होती. यांकोचं डोकं, मुठींवर ताणलेले हात, मागे ओल्या मातीची चकचकीत पाठ. बाबांची आठवण आली तिला. बाबा असेच यायचे, खालून मोठे होत होत, शिट्टी तोंडात तयार ठेवून. शेताच्या वरच्या चौथ्या हिश्शात नांगर थांबला. ती मोडण्याच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

मोटारीचा सूर खाली गेला. मग खोपी करकरली. रहाट ज्या ओकच्या खांबाला जखडलेला होता, तो खांब जमिनीतून वर सरकताना तिने पाहिला. एक वीत, दोन वीत. खाली नांगराचं नाक मातीत रुतलं, शेपूट उचललं आणि मुठी यांकोच्या बरगड्यांखाली बसल्या. तो मागे फेकला गेला आणि उतारावर घरंगळला.

तेव्हा कुठे तिने दांडा ओढला. कालपासून तो निर्णय तिच्यासाठी खुंट्या घेत होत्या. तिचा हात त्याला सरावलेलाच नव्हता.

"यांको!"

तो पालथा पडला होता. ती पोचेपर्यंत उठून बसला. तोंडात माती, हनुवटी फाटलेली.

"तुटला नाही ना," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता. "चांगला बोल्ट आहे. मी सांगितलं होतं."

आणि तो हसायला लागला, आणि बरगडी दुखली म्हणून शिव्या द्यायला लागला.

आईने त्याला स्वयंपाकघरात बाकावर बसवलं, सदरा काढला. अर्निकाची फुलं घालून ठेवलेली दारू बाटलीतून फडक्यावर ओतली आणि बरगड्यांना चोळली. हाड मोडलं नव्हतं. यांको लहान मुलासारखा कळवळत होता.

"हळू, आई!"

"हळू काय. हळू नांगरायला हवं होतं." तिने बाटलीला बूच लावलं. "कुठे अडला?"

"नेहमीच्याच जागी," सिल्वा म्हणाली. ती दाराशी उभी होती. "सगळ्या खुंट्या तिथेच मोडतात. वरच्या चौथ्या हिश्शात."

"नांगर किती खोल लावलाय?"

"बाबांची खूण आहे ना दांडीवर, तेवढाच. एक वीत."

आईने फडकं पिळलं. "तिथे वीतभर माती नाही."

"म्हणजे?"

"खोपीतली फळी बघितलीस का? दाराच्या मागची."

"आकडे आहेत पेन्सिलीचे."

"वाच. वाचण्यात तर तुझं आयुष्य गेलंय."

त्या फळीची सिल्वाला आठवण होती, पण तिच्यासाठी ती मोजमापाची नव्हे, खेळाची फळी होती. ती चार वर्षांची असताना शेतकी संस्थेतला एक इंजिनियर आठवडाभर त्यांच्याकडे राहिला होता. कुठल्या मातीत, किती खोलीवर, नांगर ओढायला किती जोर लागतो ते तो मोजत फिरायचा. दोर आणि नांगर यांच्या मध्ये तो पितळेचा मोठा ताणकाटा अडकवायचा आणि बाबांना वर-खाली पळवायचा. जाताना त्याने जुना काटा बाबांना देऊन टाकला, कारण त्याची सुई दहाच्या खाली अडकायची. "दहाच्या खालचं आमच्याकडे काही नसतंच," असं बाबा म्हणाले म्हणे.

तेव्हापासून दर वर्षी नांगरटीच्या पहिल्या दिवशी रेबर मोजली जायची, आणि मग काटा अक्रोडाच्या बुंध्याला अडकवून घरातली माणसंही. खांद्यावरून पट्टा घ्यायचा, पाय रोवायचे, ओढायचं. बाबा सुई वाचायचे आणि जोराने नाव पुकारायचे, बाजारात लिलाव चालल्यासारखे. "सिल्वा रोबार, एकोणीस किलो! कोण म्हणतं ही पुस्तकं वाचते?" यांको रडायचा, कारण तो तिच्याहून कमी भरायचा, मग बाबा सुईवर हळूच बोट ठेवायचे. दुसऱ्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहितात. त्यांच्या घरी ओढ लिहिलेली होती.

खोपीत आता खांब कलला होता आणि मातीचा वास येत होता. सिल्वाने दार लावून घेतलं, तशी दारामागची फळी समोर आली. डाव्या बाजूला रेबर, वर्षवार, तीन आकडे: खाली, मध्ये, वर. उजव्या बाजूला माणसं.

१९६९. खाली १८०, मध्ये १८५, वर १९०. पावला ५२. सिल्वा १९. यांको ११. मी ८८.

१९७८ मध्ये ती स्वतः शेवटची होती. सिल्वा ४१. पुढे तिचं नाव नव्हतं. मग काही वर्षांनी यांको गेला सैन्यात. परतल्यावर एकदा ९३, बाबांच्या वर, आणि त्याला दोन रेघा मारलेल्या. मग त्याचंही नाव थांबलं, तो लाकडाच्या गिरणीत लागला. मग पावला, म्हणजे आई, थांबली. नंतर उजव्या बाजूला एकच नाव राहिलं, आणि ते नाव नव्हतंच.

१९९३. खाली १७५, मध्ये १९०, वर २१०. मी ६१.

१९९४. खाली १६५, मध्ये १९०, वर २४०. मी ५२.

१९९५. वर २८०. मी ४५.

१९९६. वर, दगड. मी ३९.

१९९७. वर, नांगर उचलून घेतला. मी ३४.

तिने बोट फळीवरून खाली नेलं आणि पुन्हा वर आणलं. वरच्या मातीला लागणारा जोर दर वर्षी वाढत होता, आणि त्याच रेषेत, दोन बोटं उजवीकडे, माणसाचा जोर उतरत होता. अक्षर मात्र सगळीकडे तेच, टोकदार, सुबक. पट्टा खांद्यावर घेऊन ते एकटे अक्रोडाशी उभे राहत असणार. मग सुई वाचायला वळत असणार, कारण आई खोपीत दांड्याशी, आणि वाचून दाखवायला दुसरं कुणी नव्हतं.

ती खाली आली. यांको झोपला होता. आई बटाट्यांचे कोंब मोडत बसली होती.

"माती चढवली नाही त्यांनी," सिल्वा म्हणाली.

"नाही."

रेबरवर हे काम नांगरटीच्या आधी करावंच लागे. पाऊस आणि कुदळ वर्षभर माती खाली आणतात. वसंतात पायथ्याशी साचलेली माती खणायची, पाठीवरच्या टोपल्यांत भरायची आणि वर नेऊन पसरायची. तिच्या लहानपणी सगळं घर चढायचं. तिची टोपली सगळ्यांत धाकटी, बाबांनी तिच्यासाठी विणलेली. चढताना ओली माती विणीतून पाठीवर झिरपायची, थंडगार. वर पोचल्यावर टोपली उपडी करायची आणि बाबा खोपीच्या चौकटीवर सुरीने एक रेघ कोरायचे. शंभर झाल्या की आई जर्दाळूचा मुरंबा उघडायची.

"दर वर्षी मी फोन करायचे," सिल्वा म्हणाली. "ते म्हणायचे, दोनशे टोपल्या झाल्या. गेल्या वर्षी दोनशे दहा म्हणाले."

"फोनवर टोपल्या जड नसतात."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय विचारायचीस?"

"येऊ का म्हणून विचारायचे. दर वेळी."

आईने एक कोंब मोडला. "तेच. येऊ का विचारणाऱ्याला काय सांगायचं असतं? नको म्हणायचं असतं. यायचं असतं त्याने येऊन उभं राहायचं."

"यांको इथेच होता."

"तो सकाळी पाचला गिरणीत जायचा. त्याला माहीत होतं, आणि माहीत नव्हतं." तिने बटाटा टोपलीत टाकला. "आणि मला तर त्यांनी सांगितलं होतं, तू पोरीला काही बोललीस तर रहाटच विकतो. रहाट कोण घेणार होतं त्यांचा, देव जाणे. पण मी गप्प बसले."

सिल्वा शेजारी बसून कोंब मोडू लागली. "गेल्या वर्षी कुट्टू कसा आला वर?"

"आलाच नाही. खालचा दाणा तुला पाठवला. तू म्हणालीस, छान आहे."

गुरुवारी पहाटे यांकोने उठून पाहिलं तर सिल्वा पायथ्याशी खणत होती. वळचणीवरून काढलेल्या तीन टोपल्या शेजारी ठेवलेल्या. त्याने बरगडीवर हात ठेवून बराच वेळ ते बघितलं.

"किती झाल्या?"

"अकरा."

"पाठीवरून?"

"मग कशावरून?"

"शिकलेली आहेस आणि तरी गाढव आहेस," तो म्हणाला. "वर रहाट आहे आपल्याकडे."

त्याने खांब पुन्हा रोवला, दगड ठोकून घट्ट केला. कोठारातून गवत वाहायची लाकडी घसर काढली, तिला दोर जोडला. एका वेळी सहा टोपल्यांची माती बसत होती. कडीत खुंटी त्याने स्वतः घातली, न सांगता. वजन ओढायला आणि माती फाडायला लागणारा जोर वेगळा. घसर डुलत डुलत वर गेली, मोटारीचा सूर बदललासुद्धा नाही.

पण यांकोला वजन उचलवत नव्हतं, आणि सिल्वाला एकाच वेळी खाली भरणं आणि वर रहाटाशी राहणं जमणार नव्हतं. मधल्या वेळी त्यांनी पाहिलं, आई कुबडी घेऊन कडेच्या पायवाटेने चढत होती. दर दहा पावलांवर थांबत होती. कुणी तिला अडवलं नाही. अर्ध्या तासाने ती खोपीत पोचली, फळांच्या उपड्या खोक्यावर बसली आणि तिने दांडा धरला.

"आता एकाने भरा, एकाने वर पसरा," ती वरून म्हणाली. "आणि यांको, एवढा ओरडू नकोस. मी बहिरी नाही. दोर कानाला सांगतो मला."

पाच दिवस हेच चाललं. शुक्रवारी पाऊस झाला आणि टोपल्या दुप्पट जड झाल्या. रविवारी चर्चला गेले तेव्हा सिल्वाला प्रार्थनेचं पुस्तक धरवत नव्हतं. बोटं मिटत नव्हती. खणलेली माती घसरीपर्यंत पाठीवरूनच न्यावी लागे, आणि तिच्या पाठीवर विणीची नक्षी उमटली होती. ओल्या मातीचा तो थंड ओघळ वीस वर्षांनी पुन्हा मणक्यावरून खाली गेला तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि हात मातीचे असल्याने ते तसेच वाळले.

सोमवारी फ्लोर्यानकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"माझ्या झाडांना माती चढवावी लागत नाही."

"तुमच्या झाडांच्या भाकरी होत नाहीत," यांको म्हणाला.

"तुझ्या दगडांच्या होतात का?"  मग ते सिल्वाकडे वळले. "हे सगळं ठीक आहे. माती पुन्हा खाली येणार. पुढच्या वर्षी कोण चढवणार? यांकोला गिरणी आहे, पावलाला खुबा आहे. तू तिकडे. मी टोमणा मारत नाहीये. विचारतोय."

सिल्वाने फावडं मातीत रोवलं.  "गुरुवारी सांगते," ती म्हणाली.

"गुरुवारी संध्याकाळी येतो मग. शुक्रवारी युरी."

मंगळवारी संध्याकाळी चौकटीवर तीनशे बारा नव्या रेघा झाल्या. बुधवारी दुपारी सिल्वाने कोठाराच्या मागून गाबेरची वाळलेली फांदी आणली आणि अंगणात बसून तासायला घेतली. पहिली खुंटी वाकडी झाली. दुसरी आईने हातात घेऊन फिरवली.

"ही तुटायची नाही. जाड आहे."

"मजबूत नको?"

"मजबूत बोल्ट होता."

सिल्वाने आणखी तासली. संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. बाबांच्या एका खुंटीशी एकेक लावून पाहिली. सारखी एकही नव्हती, पण कडीत सगळ्या बसत होत्या.

गुरुवारी आकाश स्वच्छ होतं. यांकोने बरगड्यांना रुंद पट्टा आवळून बांधला. आई दांड्याला. नांगराची खोली त्याने चार बोटं कमी केली. सिल्वा त्याच्याबरोबर नांगराच्या कडेने चढत होती. जड जागी मुठीला हात लावायचा आणि वर पोचलं की नांगर खाली न्यायचा, हे तिचं काम. पहिल्या तासाला वरच्या चौथ्या हिश्शात पोचल्यावर दोघांनीही श्वास रोखला. फाळ नव्या मातीतून सरकला, किंचित थरथरला, पुढे गेला. वर खोपीतून आईचा आवाज आला.

"श्वास घ्या रे."

दिवसभरात सिल्वाच्या दोन खुंट्या मोडल्या. पहिली मोडली ती नुसतीच कच्ची होती. दुसरी मात्र डोक्याएवढ्या दगडावर मोडली. नांगर जागच्या जागी थांबला, दोर सुटून गवतात पडला, यांको मुठी धरून उभाच्या उभा. त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"बरोबर मोडली," तो म्हणाला. "बाबांची असती तरी अशीच मोडली असती."

तिला वाचनालयात इतक्या वर्षांत कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एकच तास उरलं होतं, कुंपणाकडचं. सिल्वाने कडीतली आपली खुंटी काढली आणि खोपीत जाऊन डब्यात टाकली. डब्यात तिच्या सात खुंट्या होत्या आणि खाली बाबांच्या पाच; सहावी घसरीच्या कडीतच राहिली होती. तिने बाबांची एक उचलली आणि खाली येऊन कडीत बसवली.

"अगं, ठेवायच्यात म्हणालीस ना?" यांको म्हणाला.

"चार राहतील."

"आणि त्या?"

"त्या पुढच्या वर्षी."

त्याने मुठी धरल्या. दोर ताठ झाला. माती उलटत गेली, खालची काळी, मधली तांबूस, वरची पुन्हा काळी, कारण ती खालचीच होती. शेवटच्या दहा पावलांत यांकोने ओठ चंबू केले आणि जोरात फुंकर मारली. नुसती हवा निघाली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. खोपीत आई हसत असल्याचं ऐकू आलं, आणि रहाट थांबला.

खुंटी मोडली नव्हती. सिल्वाने ती कडीतून काढली. मधोमध दाबल्याची एक बारीक रेघ होती. तिने ती डब्यात टाकली, बाकीच्यांत.

मग तिने खिळ्यावरचा ताणकाटा काढला, पट्टा खांद्यावर घेतला आणि अक्रोडाच्या बुंध्याशी पाय रोवले.

"वाच रे," ती म्हणाली.

यांको सुईवर वाकला. "सिल्वा रोबार," त्याने बाबांसारखं पुकारलं.  "त्रेचाळीस किलो! कोण म्हणतं ही पुस्तकं वाचते?"

तिने पेन्सिल घेतली. १९९८. खाली १८५, मध्ये १९०, वर २००. हे आकडे यांकोने दुपारी घेतले होते. उजवीकडे, ३४ च्या खाली, तिने आधी आपलं नाव लिहिलं, मग आकडा. चौकटीवरच्या रेघा मोजून टोपल्याही लिहिल्या: तीनशे बारा. खऱ्या.

फ्लोर्यानकाका खालून चढत येत होते, टोपी हातात. कुंपणाशी थांबून त्यांनी नांगरलेलं शेत वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "रोपं मी ओढ्याकडच्या तुकड्यात लावतो." मग म्हणाले, "त्या प्रश्नाचं काय?"

सिल्वा त्यांच्याकडे न बघता आईकडे वळली. आई खोक्यावर बसून खुबा चोळत होती.

"पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधी येते," सिल्वा म्हणाली. "दोन आठवडे."

आईने मान वर केली.

"विचारत नाहीये," सिल्वा म्हणाली.

आईने कुबडी ओढली, उठायला लागली. सिल्वाने हात पुढे केला तो तिने धरला.

"तुझ्या टोपलीचा डावा पट्टा सुटत आलाय," ती म्हणाली. "जाण्याआधी शिवून ठेव."